बेळगावात रात्री बसायला कुठे जावं? बार चालवणाऱ्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडहिंग्लजकडचा मुलगा, उद्यमबागेत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पुण्यात शिकणारे चार मित्र डिसेंबरात बेळगावला येणार आहेत. त्याला विचारायचंय की विद्यार्थ्यांनी जावं असे बार कोणते, नाइटक्लब आहे का, माणशी किती खर्च धरावा, आणि इथले मित्र धरून होणाऱ्या सातांपैकी दोघे अजून एकवीसचे झालेले नाहीत, त्यांचं चालतं का. शेवटी ‘नाहीतर सरळ गोवा मारावं का’ असंही आहे.

मी टिळकवाडीत एका बार अँड रेस्टॉरंटमध्ये चोवीस वर्षं आहे. टेबलं पुसायला लागलो, मग वेटर, मग काउंटर, आता मॅनेजर. शनिवारची आमची निम्मी टेबलं कॉलेजच्या पोरांची असतात. त्यातली काही आज बायकामुलांना घेऊन जेवायला येतात आणि अजून ‘अण्णा’ म्हणूनच हाक मारतात. माझा थोरला तुझ्याच वयाचा आहे. त्याने विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

त्या दोघांचं आधी सांगतो, कारण बाकीचा बेत त्यावर ठरतो. त्यांना दारू मिळणार नाही आणि मिळू नये. पोरं मोबाइलवर कायदा काढून दाखवतात, ‘अण्णा, इथं अठरा लिहिलंय बघा की’. तेही खोटं नाही. १९६५ च्या कर्नाटक अबकारी कायद्यात अठराचा उल्लेख आहे. पण लायसनच्या अटींचे नियम १९६७ चे, आणि त्यात एकवीसच्या आतल्याला विकायचं नाही असं आहे. आम्ही चालतो ते लायसनच्या अटींवर. २०२३ च्या जानेवारीत सरकारने हे वय अठरावर आणायचा मसुदा काढला होता. लोकांनी विरोध केला आणि थोड्याच दिवसांत तो मागे घेतला. म्हणजे एकवीस ते एकवीसच.

माझ्यासमोर रोज एक तरी मोबाइल धरला जातो, त्यात आधार कार्डाचा फोटो. मी फोटोवर विश्वास ठेवत नाही, कार्ड हातात घेतो. फोटो झूम करून बघितला तर जन्मसालाच्या शेवटच्या आकड्याभोवतीचा रंग बाकीच्या कार्डापेक्षा थोडा जास्त पांढरा दिसतो. तिथे मोडतोड असते. एकदा एकाने थोरल्या भावाचं खरं कार्ड आणलं. मी सहज जन्मतारीख विचारली, तर तो कार्ड बघायला हात पुढे करायला लागला. त्याला रागावलो नाही, जेवू घातलं आणि पाठवलं. तुमच्यातल्या दोघांना आमच्याकडे जेवायला बसता येईल, पण समोर ग्लास येणार नाही आणि शेजाऱ्याच्या ग्लासातून घोट घेताना दिसले तर अख्खं टेबल उठेल. हे आधीच सांगून आणा. ऐनवेळी त्या दोघांना सगळ्यांसमोर अडवलं की त्यांना लाज वाटते, आणि तुम्हीच आणलंत म्हणून तुमच्यावर राग राहतो.

सीनिअरनी ज्युनिअरला ‘वाढदिवस आहे, घ्यावीच लागेल’ म्हणून बसवण्याचे प्रकारही मी बघितले आहेत. ही गंमत नाही, रॅगिंग आहे. यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, कॉलेजमधून काढण्यापर्यंत शिक्षा जाते. आमचे वेटर असं टेबल ओळखतात. एक पोरगा गप्प असतो, ग्लास हातात फिरवत राहतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघत असतात. वेटर मला येऊन सांगतो आणि मी त्या मुलाला काहीतरी निमित्त करून बाहेर बोलावतो.

आता नाइटक्लब. पुण्यात किंवा बंगळूरला ज्याला नाइटक्लब म्हणतात, तसं बेळगावात समजू नको. आहेत ते लाउंज, रूफटॉप आणि हॉटेलातले हॉल, जिथे शनिवारी डीजे येतो. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘क्लब’ आला तर तो सदस्यांचा, टेनिस आणि पत्त्यांचा. कॅम्पातला फौजी माणूस, गल्लीतला व्यापारी, पेन्शनर, सकाळी शाळा-कॉलेज, असं हे गाव आहे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर अशी धार लागते की गरिबांचं महाबळेश्वर हे नाव उगाच पडलेलं नाही. रात्री उशिरापर्यंत नाचणारं शहर इथं कधी झालंच नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही.

डीजेचं आणखी एक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. म्हणजे रूफटॉपवर दहानंतर मोठ्याने गाणं वाजत असेल तर आसपासच्या गल्लीतलं कुणीतरी तक्रार करणारच. मग गाणं बंद, दिवे लावले, सगळे बिलासाठी एकदम उभे, असा मूड जातो. बंद हॉल असेल तर तिथे आत शिरताना एक गोष्ट बघ. बाहेर पडायला दुसरं दार कुठे आहे? वर गवताचं, बांबूचं, ताडपत्रीचं छत आहे का? २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिल्समध्ये आग लागली तेव्हा चौदा माणसं गेली. २०२५ च्या डिसेंबरात गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबात पंचवीस गेली. दोन्हीकडे बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. मी स्वतः कुठेही गेलो तरी आधी मागचं दार बघतो. आमच्याकडे त्या दारासमोर कुणी क्रेट ठेवले तर त्या दिवशी माझं आणि पोरांचं वाजतं.

हुक्क्याचं विचारू नको. कर्नाटकात २०२४ पासून बंद आहे. कुणी मागच्या खोलीत मिळतो म्हणाला तर ती जागा सोडून द्यायची.

बारची नावं मी देणार नाही, आणि त्याचं कारण सांगतो. कर्नाटकात दारूच्या दुकानाचं सीएल-२ आणि बारचं सीएल-९, ही लायसन्स सरकारने १९९२ पासून कितीतरी वर्षं नव्याने दिली नाहीत. म्हणून जुन्याच लायसनवर जागा बदलते, बोर्ड बदलतो, चालवणारा बदलतो. गेल्या वर्षीचा चांगला बार यंदा दुसऱ्याच्या हातात असतो. रूम असलेल्या हॉटेलांचं सीएल-७ वेगळं. त्यात २०१७ आलं. हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू नको, असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आपल्याकडे १ जुलैपासून लागू झाला आणि हायवेलगतच्या किती जागांना एका रात्रीत कुलूप लागलं. पुढे शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना मोकळीक मिळाली. त्या काळात आमच्या लाइनमधले कितीतरी वेटर गावी परत गेले, काही परत आलेच नाहीत. अशा धंद्यात मी आज एखादं नाव दिलं तर ते सहा महिन्यांत चुकीचं ठरेल. त्यापेक्षा जागा कशी ओळखायची ते सांगतो.

आत गेल्यावर पहिल्यांदा संडास-बाथरूम बघ. तिथे पाणी, दिवा आणि कडी असेल तर किचनही बरं असतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. मेनूकार्डावर दर छापलेले हवेत. बिअरची बाटली तुमच्या टेबलावर, तुमच्या डोळ्यांसमोर उघडली पाहिजे. पेग मापाने ओतला पाहिजे, अंदाजाने नाही. आमच्याकडे स्टीलचं दोन तोंडांचं माप आहे, एका बाजूला ३०, दुसऱ्या बाजूला ६०. नवीन पोराला आम्ही आठवडाभर नुसतं पाणी ओतायला लावतो, काठोकाठ भरलं आणि एक थेंबही सांडला नाही की मग काउंटरवर घेतो. आणखी एक खूण म्हणजे वॉचमन. दारावरचा माणूस तुम्हाला आत घेताना नव्हे, बाहेर पडताना काय करतो ते बघ. चांगल्या जागेतला वॉचमन रिक्षा थांबवून देतो. वाईट जागेतला तुमची बाइक काढून हातात किल्ली देतो.

माझ्या लेखी ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. विद्यार्थ्याने बार निवडायचा तो परतीच्या वाटेवरून. खाणं कसं, गाणं कुठलं, लाइट कसली, हे सगळं नंतर. नेहरूनगरच्या मेडिकलवाल्यांनी नेहरूनगर, कॉलेज रोडच्या बाजूला बसावं. उद्यमबाग, मच्छे भागात राहणाऱ्यांनी खानापूर रोड, टिळकवाडी. आपल्या पीजीपासून चालत किंवा दहा मिनिटांच्या रिक्षात पोचता येईल एवढ्यातच. सिटी बस रात्री लवकर बंद होते. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवून घ्यायचं, जाणाऱ्या रिक्षावाल्यालाच ‘परत न्यायला ये’ म्हणून नंबर घेऊन ठेवायचा. वेंगुर्ला रोडला, हिंडलग्याच्या पुढे ढाब्यावर जाऊया असं कुणीतरी म्हणतंच. तिथलं मटण मलाही आवडतं. पण अंधारा रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, आणि साखर कारखान्यांचा हंगाम नेमका तुमच्या डिसेंबरातला. तिकडे जायचं तर दुपारी जेवायला जा.

हे मी इतकं जोरात का सांगतो त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे शेवटच्या वर्षाची चार पोरं बसली होती. निकालाची पार्टी होती. निघताना एकाचा पाय पायरीवर अडखळला, मी बघितलं. त्याने बाइक काढली. मी म्हटलं, ‘रिक्षाने जा गा’. तो म्हणाला, ‘अण्णा, इथंच तर जायचंय, तिसऱ्या गेटाच्या पुढं’. मी आत गेलो, कारण दोन टेबलांचं बिल थांबलं होतं. पाऊण तासाने फोन आला. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ घसरला होता, मांडीचं हाड मोडलं, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. जीव वाचला. पण त्याच्या बापाचा चेहरा मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यावर बघितला. चंदगड तालुक्यातला शेतकरी माणूस, रात्रीच्या एसटीने आलेला, हातात कापडी पिशवी. त्याने मला एक शब्द वाईट बोलला नाही. माझ्या हातात त्या रात्री ती किल्ली घ्यायची ताकद होती आणि मी बिल करायला गेलो.

तेव्हापासून आमच्या काउंटरवर बिस्किटाचा पत्र्याचा एक डबा आहे. पहिली ऑर्डर घेतानाच वेटर विचारतो, ‘गाडी आणली काय?’ आणली असेल तर किल्ली त्या डब्यात, दोऱ्याला टेबल नंबरची चिठ्ठी. निघताना मला बरं वाटलं तर किल्ली मिळते, नाहीतर सकाळी दहानंतर येऊन न्यायची. गाडी आमच्या आवारात, वॉचमनच्या नजरेसमोर. सुरुवातीला भांडणं झाली, गिऱ्हाइकं तुटली. मालकाला मी सांगितलं, मला काढायचं तर काढा. त्यांनी काढलं नाही.

आणि ‘मी फक्त बिअर घेतली’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर, आठ टक्क्यांची. त्यात निव्वळ अल्कोहोल ५२ मिली. व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग, आपल्याकडे व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे त्यात जवळजवळ २६ मिली. एक स्ट्राँग बिअर म्हणजे दोन लार्ज. दोन बाटल्या घेतलेला पोरगा चार लार्ज घेऊन उठतो आणि त्याला वाटतं आपण हलकंच घेतलं. लिव्हर तासाला साधारण दहा मिली अल्कोहोल काढतं. म्हणजे एकाच बाटलीला पाच तास. आंघोळ, लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, उलटी, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री साडेदहाला दोन बाटल्या संपवलेला माणूस सकाळी आठच्या लेक्चरला गाडीवरून जातो तेव्हाही त्याची पूर्ण उतरलेली असेलच असं नाही. पोलिसांच्या मशीनची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळेला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. घरी फोन जातो तो वेगळाच.

पहिल्यांदाच घेणारा कुणी असेल तर त्याला स्ट्राँग देऊ नका. माइल्ड, तीही एक, आणि आधी पोटात जेवण. शेंगदाणे मसाला आणि खारा चाखणा म्हणजे जेवण नव्हे. मीठ जितकं जास्त तितकी तहान जास्त आणि तितका ग्लास लवकर रिकामा होतो. आमच्याकडे पोरांचं टेबल लागलं की मी न विचारता पाण्याच्या दोन बाटल्या आणि दहीभाताची आठवण पाठवतो. ९० मिलीचे टेट्रापॅक दुकानातून घेऊन रस्त्याच्या कडेला, मैदानात, गाडीवर बसून घेणं हा तर सगळ्यांत वाईट प्रकार. तिथं पाणी नाही, उजेड नाही, काही झालं तर बघायला माणूस नाही. वरून पोलीस आले की उघड्यावर पिण्याची केस.

कुणी जास्त घेतली तर काय करायचं, हे सातही जणांना आधीच माहीत असू दे. हाक मारून उठत नसेल, श्वास थांबून थांबून येत असेल, अंग गार पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ असं करू नका. कुशीवर झोपवा, उताणं कधीच नको, कारण उलटी घशात जाते. तोंडात काही घालू नका, ना लिंबू, ना ताक. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला किती घेतली, सोबत कुठली गोळी घेतली होती का, ते खरं सांगा. पोरं घाबरून खोटं सांगतात आणि त्यात वेळ जातो. त्याला एकटं खोलीत टाकून बाकीचे झोपायला गेले, असं तर कधीच होता कामा नये.

खर्चाचं. आकडा लिहीत नाही, कारण बिअरवरची ड्युटी गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा वाढली आहे आणि दर त्याबरोबर हलतो. दुकानात बाटलीवरच्या एमआरपीनेच मिळायला हवी, बारचा दर त्याहून जास्त असतो, कारण त्यात जागा, बर्फ, माणसं आलं. खाण्याला पिण्याएवढेच पैसे धरा, म्हणजे बरोबर बसतं. बिल हातात आलं की दोन गोष्टी बघ. दारूवर जीएसटी लागत नाही, तो फक्त खाण्यावर. काही ठिकाणी सगळ्या बेरजेवर लावून टाकतात. आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. शांतपणे ‘हे काढा’ म्हटलं की काढतात. कॉन्ट्री बसायच्या आधी काढा, एकाकडे द्या, आणि ते पैसे संपले की ऑर्डर बंद. शेवटी हिशेब करायला घेतलेल्या टेबलावर मी जितकी मैत्री तुटताना बघितली तितकी दुसऱ्या कशाने बघितली नाही. दोन न पिणारे असतील तर त्यांच्याकडून दारूचे पैसे घेऊ नका, हे मला वेगळं सांगायला नको, पण होतं असं.

मुली बरोबर असतील तर थोडं त्यांच्यासाठी. मी लागलो तेव्हा बाई बारमध्ये येणं म्हणजे पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये, नवऱ्याबरोबर, जेवायला. आज मेडिकलच्या, लॉच्या मुली उघड बसतात, आणि मला ते बरं वाटतं, कारण ज्या हॉलमध्ये मुली निर्धास्त बसतात तिथे पुरुषही नीट वागतात. ग्लास टेबलावर सोडून बाथरूमला गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, नवीन मागवा. शेजारच्या टेबलावरचा कुणी त्रास देत असेल तर आपल्या पोरांनी उठून जाऊ नये. वेटरला सांगा, मॅनेजरला बोलवा. आमचं कामच ते आहे. हाणामारी सुरू झाली की बरोबर कोण आणि चूक कोण हे बघायला कुणी थांबत नाही.

भांडणावरून सीमाभागातली एक खास गोष्ट. टेबलावर भाषेचा विषय काढू नका. मी मराठी माणूस, माझ्या घरात मराठी, माझे निम्मे वेटर कन्नड बोलणारे, किचनमध्ये ओडियाही ऐकू येते आणि आम्ही सगळे एका भांड्यातलं जेवतो. पण दोन पेगनंतर बोर्डवरच्या अक्षरांवरून निघालेला शब्द कुठे जातो ते मी बघितलंय. बाहेरगावच्या मित्रांना हे खास सांगा, कारण पुण्याचा पोरगा गंमत म्हणून काहीतरी बोलतो आणि त्याला इथली जखम माहीत नसते. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि एकीकडे काळा दिन असतो. त्या दिवशी, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि गणपती विसर्जनाला बाहेर बसायचा बेत करूच नका. अशा दिवशी दारूबंदीचा हुकूमही निघतो. २ ऑक्टोबर आहेच. निवडणुकीत मतदानाच्या आधीपासून बंद.

आता गोवा. चोर्ला घाटाने पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणून सगळ्यांना वाटतं की रात्री जेवून निघालो, नाचलो, पहाटे परत. तो बेत मला मान्य नाही. घाटात वळणं, धुकं, गुरं, आणि परत येताना चालवणारा अर्धा झोपेत, अर्धा नशेत. जायचंच तर दिवसा जा, तिथे राहा, दुसऱ्या दिवशी जेवून निघा. आणि येताना बाटल्या आणू नका. तिथे स्वस्त म्हणून दोन-चार पिशवीत टाकायचा मोह होतो. कणकुंबीला अबकारीची तपासणी असते, दुसऱ्या राज्याची ड्युटी भरलेली दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि गाडीसुद्धा जप्त होते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. मी तिथं दर्शनाला जातो तेव्हा नाक्याच्या कडेला धूळ खात उभ्या असलेल्या गाड्या बघतो. त्यात कुणाच्या तरी बापाने कर्ज काढून घेतलेली एखादी असेलच.

हेच उलट्या बाजूनेही लागू. तू गडहिंग्लजचा, म्हणून सांगतो. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, तिथला दारूबंदीचा कायदा वेगळा, परवाना लागतो, आणि कडक दारूला वय पंचवीस. बेळगावात घेतलेली बाटली दिवाळीला मामासाठी म्हणून एसटीत नेलीस तर ती तिकडे बेकायदा ठरते. मामाला बेळगावचा गोड कुंदा ने.

तुमच्या सात जणांचा बेत मी असा लावला असता. शनिवार नको, शुक्रवार घ्या, गर्दी कमी असते आणि वेटर नीट लक्ष देतो. संध्याकाळी किल्ला तलावावर चक्कर मारा, सगळे गावात पोचले की गाड्या पीजीवर ठेवा. साडेसातला टेबल, आठला जेवणाची ऑर्डर पिण्याबरोबरच, साडेदहाला बिल. त्या दोघांसाठी जागा अशी निवडा जिथे जेवण खरंच चांगलं आहे, म्हणजे त्यांची संध्याकाळ फुकट जाणार नाही. एकाचा फोन चार्ज केलेला असू दे आणि रिक्षावाल्याचा नंबर सगळ्यांकडे. पीजीच्या मालकांना किती वाजता येणार ते आधी सांगा, खोटं नको. बारा वाजता गेट वाजवणाऱ्या पोरापेक्षा ‘अकराला येतो काका’ म्हणून सांगून गेलेल्या पोराला दार लवकर उघडतं.

मित्रांसाठी लॉज बघणार असशील तर आत्ताच बुक कर. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधानसभेचं अधिवेशन बसतं, आमदार, अधिकारी, बाहेरच्या जिल्ह्यांतले पोलीस सगळे गावात असतात. त्या दिवसांत साधी खोलीसुद्धा मिळत नाही आणि रस्त्यावर तपासणी रोजच्यापेक्षा जास्त असते. अधिवेशनाच्या तारखा पेपरात येतील, त्या बघून शुक्रवार ठरव.